काचसमुद्रावर आलेल्या हिरव्या स्वारीची हकीकत

श्री. प्रथम नमन खाऱ्या पाण्यास, मग गोड्या पाण्यास, आणि दोहोंतला फरक सांगणाऱ्या काचनळीस. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आषाढ मासी एका राज्यावर हिरव्या शत्रूची स्वारी आली, ती कोठून रसद खात होती आणि आश्विन वद्य द्वादशीस तिचा निकाल कैसा लागला, हे साद्यंत लिहावे ऐशी आज्ञा जाहली. त्यावरून जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे ऐकिले ते ऐकिले म्हणून लिहिले असे.

राज्य तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक दिवाणखाना, इतकाच मुलूख. राज्याचे धनी मोरेश्वरपंत कारखानीस, शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त जाहलेले. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई, ज्यांच्या शब्दावाचून राज्यात कुकरची शिट्टीही होत नसे. पुत्र हृषीकेशराव, स्वभावे शांत, दोन्ही पक्षांचे ऐकून घेणारे आणि कोणासही उत्तर न देणारे. आणि सूनबाई शलाकाबाई, माहेर समुद्रकाठचे, शिक्षण रसायनशास्त्राचे, चाकरी पिण्याचे पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत. लग्न होऊन या डोंगराळ मुलखात आल्यावर त्यांस समुद्रावाचून चैन पडेना. मग त्यांनी दिवाणखान्याच्या पूर्व भिंतीस तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ऐसा काचेचा समुद्र वसविला आणि त्यात दीडशे लिटर पाणी, लिटरास पस्तीस ग्रॅम मीठ, सच्छिद्र खडक, पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी माशांचे एक जोडपे आणि नखाएवढा जिवंत पोवळ्याचा तुकडा ठेविला. चार वर्षांत तो तुकडा वाढून तळहाताएवढा जाहला. भरतीस फुले उमलावी तैसे त्याचे बारीक हात दिवसा उमलत आणि दिवे मालवले की मिटत. शलाकाबाई रोज सकाळी चाकरीस जाण्यापूर्वी माशांस चिमूटभर दाणे घालीत आणि त्या जवळ आल्या की जोडपे वर येई. माहेरची आठवण आली तरी त्या कोणास सांगत नसत, समुद्रापाशी उभ्या राहत.

ऐशास आषाढात खडकावर हिरवे केस दिसले. प्रथम बोटभर, मग वीतभर, आणि श्रावण लागतेवेळी खडक कोठे आहे हे आठवणीने सांगावे लागे. शलाकाबाईंनी मसलत करून पहिली मोहीम हातांनी केली. बाही दुमडून, दात घासावयाच्या ब्रशाने केस गुंडाळून उपटले आणि वाडगाभर शेवाळ बाहेर काढिले. आठ दिवसांत तितकेच पुन्हा उगवले. दुसरे मोहिमेस बारा गोगलगाईंची पलटण आणिली. पलटण इमानी, परंतु चाल मंद. खातील त्याच्या दुप्पट मागे उगवे. तिसरे मोहिमेस अन्नपाणी तोडावे म्हणून दर आठवड्यास वीस लिटर पाणी बदलले. ते गाळीव पाणी हृषीकेशरावांनी खालच्या दुकानातून कॅनांत भरून आणिले, आणि लिफ्ट बंद असल्याने तीन मजले चढविले, आणि काही बोलले नाहीत. शेवाळही काही बोलले नाही, वाढत राहिले. चौथे मोहिमेस अंधार केला. समुद्रास तीन दिवस काळोखात ठेवावयाचे तर जाड काळे वस्त्र पाहिजे, आणि राज्यात ऐसे वस्त्र एकच, कालिंदीबाईंची संक्रांतीची चंद्रकळा. ती मागावयास कोणी जावे यावर थोडा वेळ गेला, मग हृषीकेशराव गेले. कालिंदीबाईंनी साडी दिली आणि सांगितले की चाळीस वर्षे जपली ती माशांना नेसवायला नव्हे. तीन दिवस अंधार जाहला. शेवाळ फिके पडून अर्धे गळाले. दहावे दिवशी पूर्ववत.

आता येथे नवल ऐसे की, शलाकाबाई दर दुसरे दिवशी पाण्याची परीक्षा करीत, आणि शेवाळाचे अन्न जे फॉस्फेट आणि नायट्रेट, ते जवळजवळ शून्य निघे. काचनळीत रंग चढावा तो चढेना. प्रयोगशाळेतील नळी आणून पाहिली, तेही तेच. बाई हृषीकेशरावांस म्हणाल्या की कोठार रिकामे आहे आणि फौज तर लठ्ठ होते आहे. हृषीकेशराव म्हणाले की रिकामे कोठार म्हणजे धान्य आले नाही ऐसे नव्हे, आले आणि तेव्हाच संपले ऐसेही असेल. आपल्या घरी चकल्यांच्या डब्याचे तेच होते. हे बोलणे थट्टेचे, परंतु बाई दोन दिवस त्याचाच विचार करीत होत्या. खरेच होते ते. शेवाळ इतके की आलेला घास पाण्यात विरघळून मापात येण्यापूर्वीच गिळीत होते. म्हणजे रोज कोठून तरी घास येत होता. बाईंनी माशांचे दाणे निम्मे केले. फरक पडला नाही. दिव्यांचे दहा तास होते त्यांचे सात केले. फरक थोडका. आणि इतक्यात हिरवे केस पोवळ्याच्या बुडाशी येऊन लागले आणि त्याचे एका बाजूचे हात उमलेनासे जाहले.

भाद्रपदात गौरीगणपती बसले आणि पाहुणे आले. त्यांत कालिंदीबाईंच्या मावसबहिणीने काचेस नाक लावून पाहिले आणि मोठ्या कौतुकाने विचारिले की यात मेथी लावली आहे का शेपू. सर्व मंडळी हसली. शलाकाबाईही हसल्या, परंतु ते हसणे गळ्याच्या वरचे होते. गौरी गेल्यावर कालिंदीबाईंनी निवाडा सांगितला तो ऐसा की, वसुबारसेपर्यंत समुद्र स्वच्छ दिसला तर राहील, नाही तर मासे आणि पोवळे दुकानदारास परत जातील आणि पूर्व भिंतीस एक दिवाण बसेल. येथे वाचणाराने दिवाण म्हणजे प्रधान समजू नये. गादी आणि दोन लोड घातलेला बसावयाचा दिवाण समजावा. सूनबाईंनी मान डोलावली. निवाडा अन्यायाचा होता ऐसे कोणी म्हणेना, कारण दिवाणखान्यास खरोखरच डबक्याचा वास येऊ लागला होता.

आता फेसयंत्राचे सांगणे प्राप्त आहे. समुद्राच्या मागे एक उभी नळी असते, तीत पाण्यात बारीक हवा घुसळतात, मग पाण्यातली घाण फेसास चिकटून वर चढते आणि एका प्याल्यात जमा होते. हे यंत्र दोन महिने नीट चालत नव्हते. संध्याकाळी बाई परत येऊन पाहत तो प्याल्याच्या तळाशी थेंब. परंतु मधूनच एखादे दिवशी प्याला तपकिरी पाण्याने भरलेला असे आणि दुसरे दिवशी पुन्हा थेंब. बाईंनी यंत्र तीन वेळा खोलून धुतले, दोष सापडेना. मग त्यांनी वहीत तारखा मांडल्या. ऑगस्टची सोळा, ऑगस्टची एकोणतीस, सप्टेंबरची चौदा. पहिल्या दोहोंत तेरा दिवस, पुढल्या दोहोंत सोळा. पाणी बदलल्याचा वार लावून पाहिला, वीज गेल्याचा लावून पाहिला, कोणताही मेळ बसेना. ती वही स्वयंपाकघरातील मेजावर उघडी राहिली आणि कालिंदीबाई कोथिंबीर निवडता निवडता तिच्याकडे पाहत्या जाहल्या.

"या तारखा कसल्या गं?" त्यांनी विचारिले.

"फेस आला त्या दिवसांच्या, आई."

"एकादश्या आहेत या."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तिन्ही दिवस भगर मी केली. सोळाला तर शेंगदाणे संपले होते, हृषीला पिटाळला होता." आणि देठ बाजूस करून पुढे म्हणाल्या, "तुझ्या त्या डब्याला उपास कळतो, आणि तुला कळत नाही."

शलाकाबाई खुर्चीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. इंग्रजी तारखांत जो हिशेब जमत नव्हता तो तिथीत जमला, कारण तिथी कधी लवकर सरते कधी उशिरा, म्हणून तेरा आणि सोळा. मग बाईंनी विचार केला की एकादशीस या राज्यात काय होत नाही. उत्तर एकच, भात होत नाही, आणि भातावरील वरण आणि वरणावरील तूप होत नाही. आणि तुपाचा अंश जरी पाण्यात पडला तरी फेस मोडतो, हे त्यांस शास्त्राने ठाऊक होते. परंतु तर्क तो तर्क. त्यांनी कोणास काही न सांगता वहीत पुढली तारीख आधीच लिहून ठेविली, सप्टेंबरची अठ्ठावीस, भाद्रपद वद्य एकादशी, आणि समोर लिहिले की या दिवशी प्याला भरेल. अठ्ठाविसास प्याला काठोकाठ भरला. मग द्वादशीस रविवारची पाळी होती, तीतून बाईंनी रजा घेतली आणि दुपारी समुद्राच्या बाजूस पाट टाकून वाचत बसल्या.

द्वादशी म्हणजे पारणे. मोरेश्वरपंत स्वयंपाकघरात पोटभर जेवले आणि आपल्या नेमाप्रमाणे सर्वांआधी उठून डाव्या हातावर काही घेऊन दिवाणखान्यात आले. जाणणारांस ठाऊकच आहे की नेमाने जेवणारे गृहस्थ पहिल्या घासापूर्वी ताटाच्या उजवे अंगास भाताचे पाच लहान घास मांडतात, त्यांस चित्राहुती म्हणतात. चित्रास, चित्रगुप्तास, यमास, यमधर्मास आणि पाचवा सर्व भूतांस. तेच पाच घास, वर वरण आणि तूप, पंतांच्या तळहातावर होते. सुनेस पाहून ते थांबले, परंतु दचकले नाहीत, कारण आपण काही लपवितो ऐसे त्यांच्या मनातच नव्हते. त्यांनी झाकण उचलून पाचही घास एकेक करून पाण्यात सोडिले. मासे धावले, घास तोंडी घेतला आणि बाहेर टाकला. शलाकाबाईंनी पाचवा घास खडकामागे जाईपर्यंत पाहिला.

मग म्हणाल्या, "मामंजी, हे रोज घालता?"

"ज्येष्ठापासून. सोसायटीने कबुतरांसाठी खिडक्यांना जाळी ठोकली ना, तेव्हापासून चिमण्यांची पंगत उठली. घास केरात टाकवेना. म्हटले, घरात दोन जीव आहेत, त्यांच्या मुखी जाऊ देत."

"त्यांच्या मुखी जात नाहीत."

"घेतात की. जरा संकोच करतात इतकेच."

बाईंनी लांब चिमटा घेतला आणि खडकामागे घालून एक हिरवा गोळा बाहेर काढिला, आणि तो बशीत उलगडून दाखविला. मधोमध भाताची शिते, जुनी आणि नवी, आणि भोवती केसांचे रान माजलेले. मग त्यांनी प्याल्याची वही दाखविली, एकादश्या दाखविल्या, आणि तुपाने फेस कैसा मोडतो हे सांगितले. पंत शिकविणारे गृहस्थ, पुरावा नीट मांडला तर समजणारे. त्यांनी सर्व ऐकिले आणि चष्मा काढून पुसला. अंधाराचे तीन दिवसही चंद्रकळेचा काठ उचलून आपण नेम चुकविला नव्हता, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. आणि मग पोवळ्याच्या मिटलेल्या बाजूकडे पाहत राहिले.

"म्हणजे हे मी केले."

"तुम्ही अन्न घातलेत, मामंजी. खाणारा निराळा निघाला."

"उद्यापासून चित्राहुती बंद," पंत म्हणाले, आणि आवाज असा की सत्तेचाळीस वर्षांचा नेम मोडावयाचा तर तो आत्ताच, मागाहून धीर होणार नाही.

बाईंस हे नको होते. समुद्र वाचवावयास निघाल्या होत्या, त्यात दुसऱ्याचे काही बुडावे हे त्यांच्या मनास येईना. त्यांनी बशीतला गोळा वाडग्यात टाकला. मग पंतांनी एकाएकी विचारिले, "पाचवी आहुती सर्व भूतांची. हे शेवाळ भूतांत येते की नाही?"

"येते."

"मग पोचली म्हणायची."

"पोचली, मामंजी. फारच पोचली."

तेव्हा पंत हसले, आणि ते हसणे ऐकून कालिंदीबाई पदरास हात पुशीत बाहेर आल्या. त्यांस सर्व वर्तमान सांगितले. त्यांनी यजमानांस इतकेच म्हटले, "मला वाटले घास जिन्याखाली मुंग्यांना घालता. आणि मी इथे सुनेला बोलले." इतके बोलून त्या आत गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. एक कप आधी सुनेस दिला. निवाडा मात्र मागे घेतला नाही. वसुबारस ती वसुबारस.

मग तह जाहला. शलाकाबाईंनी मांडणी केली ती ऐसी की समुद्रात एकंदर किती पडते हा प्रश्न आहे, कोणाच्या हातून पडते हा नव्हे. तरी भाताचे पाच घास जिन्याखाली मुंग्यांस जावेत, आणि माशांचे दाणे रोज दुपारी पंतांनी मोजून पाच घालावेत, आणि त्याखेरीज कोणीही काही घालू नये, स्वतः शलाकाबाईंनीही नाही. पंतांस हे मानवले. दाणे आपण ताटाशेजारी वाटीत ठेवून पाच नावे घेऊ आणि मग घालू, असे ते म्हणाले. तो कालिंदीबाईंनी दाण्यांची डबी उचलून, चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचली.

"कोळंबीचे पीठ," त्या म्हणाल्या. "अहो, हे ताटाशेजारी?"

तह येथे मोडता मोडता राहिला. कारखानीसांच्या ताटाशेजारी आजवर कांदाही चतुर्थीस आला नव्हता, तेथे कोळंबी कैसी येणार. हृषीकेशरावांनी त्या दिवशी प्रथमच आपण होऊन सल्ला दिला की शाकाहारी दाणे शोधावेत. शलाकाबाईंनी शोधिले, आणि मिळाले ते निव्वळ वाळविलेल्या समुद्रशेवाळाचे. कालिंदीबाईंनी तीही डबी वाचून पाहिली आणि मंजूर केली. कोळंबीचे दाणे रविवारचे ठरले, ते शलाकाबाईंनी आपल्या हाते, ताटापासून दूर घालावयाचे, कारण माशांस तेही लागते. आणि पाणी बदलावयाच्या मोहिमेत पंत आपण होऊन दाखल जाहले. दर बुधवारी शर्ट काढून, बनियनवर, ब्रशाने हिरवे केस गुंडाळीत आणि वाडग्यात टाकीत. वाडगे मोजीत. पहिल्या बुधवारी चार वाडगे, दुसऱ्या बुधवारी अडीच, तिसऱ्या बुधवारी एक, आणि तोही वरून ठोकून सपाट केलेला. फेसाचा प्याला आता रोज भरू लागला, आणि त्या तपकिरी पाण्याचा वास घेऊन कालिंदीबाई म्हणाल्या की इतके दिवस हे सगळे आत होते आणि आपण त्यासमोर चहा पीत होतो. फॉस्फेटही आता मापात दिसू लागले, कारण गिळणारे उरले थोडे. चार दिवस चढून मग पाणी बदलेल तसे उतरत गेले. गोगलगाईंची पलटण आता पुढे सरकताना दिसे. एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. पंधरवड्यात मासे सकाळी शलाकाबाईंस पाहून वर येईनासे जाहले आणि दुपारी पंतांच्या पावलास येऊ लागले. बाईंनी हे पाहिले, आणि पंतांस सांगितले नाही.

आश्विन वद्य द्वादशी, वसुबारस. संध्याकाळी कालिंदीबाई पणत्या भिजत घालून दिवाणखान्यात आल्या आणि समुद्रासमोर उभ्या राहिल्या. पंत एका बाजूस, शलाकाबाई एका बाजूस, हृषीकेशराव दारात. खडक खडकासारखे दिसत होते. पोवळ्याच्या मिटलेल्या बाजूचे निम्मे हात उमलले होते. उरलेले निम्मे गेले ते गेलेच, त्या जागी पांढरा व्रण होता. शलाकाबाईंनी काही लपविले नाही. म्हणाल्या की मागच्या भिंतीवर उजव्या कोपऱ्यात चार बोटे शेवाळ अजून आहे, आणि ते अगदी निखळ कधीच जाणार नाही, आवरूनच ठेवावे लागते. स्वच्छ म्हणजे हिरवे एकही नको असे आईंचे म्हणणे असेल तर समुद्र हरला. कालिंदीबाईंनी वाकून उजवा कोपरा पाहिला. तेथे दोन गोगलगाई लागलेल्या होत्या. त्यांनी त्या बराच वेळ पाहिल्या.

"चार बोटे ना?"

"चार. कदाचित साडेचार."

"राहू दे तेवढे. नाही तर या बिचाऱ्या काय खातील?"

इतके बोलून त्या पणत्या पाहावयास गेल्या. निकाल जाहला, हे प्रथम हृषीकेशरावांस समजले. त्यांनी खिशातून दुकानदाराचा नंबर लिहिलेली चिठ्ठी काढून फाडली. शलाकाबाई काचेशी उभ्या राहिल्या त्या दिवे मालविण्याची वेळ होईपर्यंत. पंत म्हणाले की वेळ जाहली, पोवळ्यास झोपू दे, तेव्हा त्यांनी दिवे मालविले आणि उमललेले हात मिटताना सर्वांनी पाहिले.

एणेप्रमाणे स्वारीची हकीकत. मोहिमा चार जाहल्या त्या वाया गेल्या, एक रजा आणि एक चहा कामास आला. शत्रू पुरता नाहीसा जाहला नाही, चार बोटांवर राहिला, आणि तेवढे वतन त्यास कालिंदीबाईंच्या शब्दाने मिळाले. पोवळे निम्म्याहून अधिक वाचले. समुद्र आपल्या जागी आहे. मोजमाप जेथे होते तेथे मोजून, आणि जेथे नव्हते तेथे अदमासाने लिहिले आहे. अधिक उणे असेल ते शलाकाबाईंच्या वहीशी ताडून पाहावे. बहुत काय लिहिणे, पाणी स्वच्छ आहे.